टिपणीसबाईंचं कोरं कार्ड

टिपणीसबाई गेल्याचं मला कार्डानं कळलं. आता असं कुणी कळवत नाही. फोन येतो, नाहीतर मोबाइलवर हार घातलेला फोटो येतो. हे पोस्टाचं साधं कार्ड होतं आणि त्याचा एक कोपरा फाडलेला होता. आमच्या आळीचं टपाल गावाच्या तोंडाशी किराणा दुकानात ठेवलेलं असतं. दुकानदारानं ते कार्ड दोन बोटांत धरून मला दिलं आणि म्हणाला, "वयनी, हितंच वाचून टाका. घरात नका नेऊ."

मी तिथेच वाचलं. अक्षर अनोळखी होतं. लिहिलं होतं, "आमच्या आत्या मालिनी टिपणीस यांचे आमच्या घरी नाशिक येथे निधन झाले. शेवटी त्रास झाला नाही. त्यांच्या उशाशी आपला पत्ता घातलेले हे कोरे कार्ड सापडले. आपण कोण हे मला माहीत नाही. त्यांना आपल्याला काही लिहायचे असावे. म्हणून याच कार्डावर कळवीत आहे."

मग मी कार्ड उलटलं. पत्त्याचं अक्षर बाईंचं होतं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, किराणा दुकानाच्या मागे, मुक्काम कोन, तालुका पनवेल, आणि शेवटी पिनकोड, सहाही आकडे सारख्या अंतरावर.

कोपरा फाडलेलं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. सासूबाईंनी दारातूनच विचारलं, "फाडलास काय ते?" मी हो म्हटलं. फाडलं नव्हतं. मागच्या पडवीत वाशाला खोचून ठेवलं आहे. तिथे ते घरातही नाही आणि फेकलेलंही नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ही वही बाईंनीच दिली होती, बरीच पानं कोरी राहिली आहेत. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण बाईंच्या घरच्यांना मी कोण ते माहीत नाही, आणि बाई कशा होत्या ते त्यांना तरी किती माहीत असेल कोण जाणे. म्हणून आठवेल तसं लिहून ठेवते.

मी बाईंकडे भाकऱ्या करायला जायचे. नवीन पनवेलला सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर जुन्या तीन मजली बिल्डिंगी आहेत, त्यातल्या एकीत तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. माझ्याकडे तीन घरांची कामं होती. बाईंचं काम सगळ्यात लहान. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि एक कालवण. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भावाची मुलं वाढवली, ती आपापल्या गावी गेली. पोस्टात खिडकीमागे एकतीस वर्षं बसून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण खिडकी काही त्यांच्या अंगातून गेली नव्हती. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला बांधायच्या, म्हणजे लिहिता लिहिता वेळ दिसते. कुणी दारात आलं की आधी हात पुढे करायच्या, जणू समोरचा काहीतरी द्यायलाच आला आहे. आणि हातात काहीही आलं, कांदा असो, साबणाची वडी असो, की तळहातावर ठेवून तोलायच्या. "ऐंशी ग्रॅम," म्हणायच्या. मी पहिल्यांदा केलेली भाकरीसुद्धा त्यांनी अशी तोलली होती. "जड झाली. उद्या हलकी कर." एवढंच. चांगली झाली असती तर तेही बोलल्या नसत्या.

कमी बोलायच्या. सगळ्यांना "अगं" म्हणायच्या पण कुणाच्या पाठीवरून हात फिरवायच्या नाहीत. एक गोष्ट मात्र रोजची. दुपारी साडेबारा वाजता, मी भाकरी थापत असताना, त्या कमरेची छोटी किल्ली काढून बाहेर जायच्या. फाटकाच्या आतल्या भिंतीला टपालाच्या पत्र्याच्या पेट्या होत्या. स्वतःच्या नावाची पेटी उघडायच्या, आत पार मागेपर्यंत हात घालायच्या, आणि वीजबिल असलं तर घेऊन, नाहीतर तशाच परत यायच्या. एकदा मी विचारलं, "कुणाचं पत्र यायचं हाय का बाई?" त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं लोकांची पत्रं माझ्या हातातून गेली. एखादं चुकून मागे राहिलं असेल." मला वाटलं थट्टा करतात. त्या हसल्या नाहीत.

पत्रांचं सुरू झालं ते टीव्हीमुळे. कुठल्यातरी देशात लढाई चालू होती. त्या देशाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. बाई जेवायला बसल्या होत्या. टीव्हीवर एक बाई पडलेल्या घरासमोर बसली होती आणि तिच्या मांडीवर रिकामी परात होती, आपण पीठ मळतो तशी. ती रडत नव्हती. परातीच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत होती. बाईंनी जेवण अर्धं ठेवलं, उठून टीव्ही बंद केला आणि मला म्हणाल्या, "हे करणाऱ्यांना कुणी पत्र लिहिलं का?"

मी म्हटलं, "मला काय म्हायती बाई."

"मला माहीत आहे. खूप लोक ओरडलेत. पत्र कुणी लिहिलं नसणार." मग हात धुऊन म्हणाल्या, "पत्र हातात पडलं की माणूस उघडतोच. मी बघितलंय. भांडलेला माणूससुद्धा उघडतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वाण्याची यादी लिहायला सांगितली. आजवर त्या स्वतः लिहायच्या. मी म्हटलं, मला नाही येत. "चौथीपर्यंत होतीस ना? मग येतं." मी लिहिली. त्यांनी यादी हातात घेतली, सवयीनं तोलली, आणि वाचून म्हणाल्या, "अक्षर वाईट नाही. वापरात नाही." त्याच दिवशी ही वही दिली.

गुरुवार ठरला तो कमळमुळे. कमळ खाडीकडची, डोक्यावर पाटी घेऊन सेक्टरमध्ये मासे विकायची. बाईंना मासळी लागायची आणि त्या दोघींचं बोंबलावरून रोज भांडण व्हायचं. गुरुवारी मासे कुणी घेत नाही, म्हणून कमळ त्या दिवशी मोकळी. चौथी नफीसा. ती जुन्या पनवेलला राहायची, घरी शाळेचे गणवेश शिवायची, बाईंचे ब्लाउज तिच्याकडेच असायचे. आम्ही तिघी बाईंच्या बाहेरच्या खोलीत चटईवर बसलो आणि बाई खुर्चीवर. पहिल्या गुरुवारी बाईंनी सांगितलं, लढाई चालवणाऱ्या मोठ्या माणसांना आपण पत्रं लिहायची. कमळच म्हणाली, "बाई, तो मोठा राजा म्हनतात तसला मानूस. आमचं मराठी त्याला वाचता येनार हाय का?"

"नाही येणार."

"मंग?"

"मग तो कुणालातरी वाचायला बोलावेल. म्हणजे दोघं वाचतील."

कमळनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोस्टातली बाई हाय. एका तिकिटात दोन कामं करते."

बाईंचे नियम होते. पत्र आपल्या हातानं लिहायचं. एकीचं बघून दुसरीनं लिहायचं नाही. आधी खुशाली विचारायची, मग आपण कोण ते सांगायचं. शिव्या द्यायच्या नाहीत. मग आपल्याला स्वतःला माहीत आहे अशी एक गोष्ट लिहायची आणि शेवटी एकच मागणं मागायचं. "ऐकलेलं लिहू नका. टीव्हीवरचं लिहू नका. जे तुला माहीत आहे तेवढंच लिही," हे त्या इतक्यांदा म्हणायच्या की कमळ त्यांची नक्कल करायची. पत्राखाली बाई इंग्रजीत दोन ओळी लिहीत, की पनवेल गावातल्या अमुक बाईनं हे स्वतः लिहिलं आहे आणि लढाई थांबवावी असं तिचं मागणं आहे. पाकिटावर पत्ताही त्याच घालत. पत्ता घालताना त्यांच्याशी बोलायचं नाही. पुरा झाला की पेन मिटून म्हणायच्या, "पत्ता पुरा झाला की निम्मं पत्र झालं."

नफीसानं लगेच लिहिलं. तिनं लिहिलं, "मी लहान मुलांचे कपडे शिवते. प्रत्येक पँटीला खाली दोन बोटं कापड आत दुमडून ठेवते. मूल वाढलं की आई टीप उसवून ते खाली सोडते. तुमच्याकडे ज्या मुलांचे कपडे असे राहून गेले, त्यांच्या आयांनी ते कापड काय करावं ते मला कळत नाही." बाईंनी ते वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, "आपा, दुमडूनमधला दु पहिला." आणि दुरुस्त केला.

कमळला लिहिता येत नव्हतं. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, मी सांगते, रंजनाला लिहू दे. बाई म्हणाल्या, "मजकूर ती लिहील. पण शेवटची ओळ आणि नाव तुझ्या हातचं." कमळ पाय आपटून निघून गेली. पुढच्या गुरुवारी परत आली. सात गुरुवार लागले. त्या ओळीसाठी ती घामाघूम व्हायची. तिचा मुलगा मोठ्या बोटीवर होता. तिनं लिहवून घेतलं की मुलगा पाण्यात असला की मी मासा विकते पण खात नाही. आणि शेवटची ओळ तिनं स्वतः काढली: "पोर घरी पाटवा. कमळ." बाईंनी ठ दुरुस्त केला नाही. मी विचारलं, नफीसाचा केला, हिचा का नाही? म्हणाल्या, "तिला ह्याला परत सात गुरुवार लागतील. आणि तिकडे घाई आहे."

माझं पत्र सगळ्यात शेवटी झालं. माझं माहेर विमानतळाच्या जागेजवळच्या गावात होतं, ते गाव आता तिथे नाही. डोंगर फोडायला सुरुंग लावायचे तेव्हा आधी भोंगा वाजायचा. मी लिहिलं की भोंगा वाजला की आई फळीवरची भांडी खाली काढून ठेवायची आणि आम्हाला पोटाशी धरायची. आम्हाला वेळ मिळायचा. तिकडे भोंगा वाजतो का, आणि वाजला तर आयांना किती वेळ मिळतो, एवढं कळवावं. बाईंनी ते तोललं. "वीस ग्रॅमच्या आत आहे, साध्या तिकिटात जाईल," म्हणाल्या. मी कितीतरी दिवस त्या बोलण्यावर खूश होते.

पुढे बायका वाढल्या. कमळनं खाडीकडच्या बायकांना आणलं, नफीसानं तिच्या गल्लीतल्या. खोलीत जागा पुरेना. कुणी लेकरू घेऊन यायची, कुणी भाजी निवडत बसायची. बाई कुणाला हसू नका म्हणत नव्हत्या पण स्वतः हसायच्याही नाहीत. फक्त त्या महिन्यांत त्यांच्याकडे कपबशा वाढल्या. आधी दोन होत्या. पहिली अकरा पत्रं त्यांनी स्वतः जुन्या पनवेलच्या पोस्टात जाऊन टाकली. पेटीत पत्र टाकलं की पेटीवर दोनदा थोपटायची त्यांची सवय होती, जनावराला थोपटतात तसं. नंतर दर गुरुवारी कमळ विचारायची, "बाई, आला काय जबाब?"

"अजून नाही."

"मेला कामात असल."

"उत्तराची वाट बघावी, कमळ. हट्ट करू नये." पण साडेबाराला किल्ली घेऊन जाताना आता त्यांची चाल जरा वेगळी असायची. मला ते कळायचं. एक उत्तर आलं असतं तर त्यांना बाकी काही नको होतं.

दुसऱ्या वेळी एकेचाळीस पाकिटं झाली, एकेचाळीस बायकांची. सगळ्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता बाईंचा, कारण बऱ्याच जणी म्हणाल्या की आमचा घालू नका, घरात विचारतील. त्या दिवशी बाईंचा गुडघा सुजला होता. त्यांनी पाकिटं कापडी पिशवीत भरून माझ्याकडे दिली. "उद्या येताना पोस्टात टाक. दुसऱ्या कुणाकडे देऊ नको."

मी पिशवी घरी आणली. सासूबाईंनी विचारलं, हे काय. मी सांगितलं. त्यांना लढाई वगैरे काही कळलं नाही, पण चांगल्या कामाची पत्रं आहेत हे कळलं. त्या म्हणाल्या, "शुभकामाचं पत्र नि कोरं धाडतीस? तुला कोनी शिकवलं नाय?" लग्नपत्रिकेला लावतात तशी त्यांनी पहिल्या पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद आणि कुंकू लावलं. काही पाकिटांचा डिंक नीट धरला नव्हता, झाकण उघडं होतं, त्यात चिमूटभर आतही घातलं. दोनतीन पाकिटं झाल्यावर त्यांची कंबर दुखायला लागली. उरलेल्यांना मी लावली. त्यांनी लाव म्हटलं म्हणून नाही. मला बरं वाटलं म्हणून. वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, मग ह्याचा कोपरा पिवळा असायला हवा, असं मला खरंच वाटलं. बाईंना सांगावं असंही वाटलं नाही. आपण त्यांच्या कामात काही भर घातली, ती आपल्यापुरती असू दे, असं काहीतरी मनात होतं. सकाळी पाकिटं पेटीत टाकली आणि बाईंसारखं दोनदा थोपटलं.

पुढे एका गुरुवारी दुपारी खोलीत आम्ही आठनऊ जणी होतो. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. दारात हवालदार आला, आणि त्याच्यामागे पोस्टातला एक माणूस. तो बाईंच्या हाताखाली शिकलेला होता. त्यानं चपला बाहेर काढल्या. हवालदारानं बूट काढले नाहीत. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक पाकीट होतं, पिशवीला आतून पिवळी भुकटी लागली होती.

"मालिनी टिपणीस कोण?"

"मी. बसा." बाईंनी सवयीनं हात पुढे केला. त्यानं पिशवी त्यांच्या हातात दिली नाही.

"परदेशी जाणारं टपाल आहे. तेही मोठ्या मोठ्या माणसांच्या नावानं. आणि आतून पावडर सांडतेय. पुढे सगळी पाकिटं अडकवून ठेवलीत. कसली पावडर आहे ही?"

कमळ म्हणाली, "अरे बाबा, हलद हाय ती. तुझ्या लग्नात अंगाला लावली व्हती ना? तीच."

दोघीतिघी हसल्या. पोस्टातला माणूसही खाली बघून हसला. हवालदार म्हणाला, "मावशी, मला कळतंय हळद आहे. तिकडे तपासणाऱ्याला काय माहीत? मला लिहून न्यायला लागतं." आणि तो एकेकीचं नाव लिहायला लागला. कमळचं लिहिलं. बाकीच्यांची लिहिली. नफीसानं नाव सांगितलं तेव्हा त्याचं पेन थांबलं. "पूर्ण नाव? राहता कुठे? मिस्टर काय करतात? मुलं किती, कुठे असतात?" आम्हाला कुणाला त्यानं हे विचारलं नव्हतं. नफीसा उत्तरं देत होती आणि तिच्या मांडीवरचा कागद घडी होत होत अगदी लहान झाला.

बाई म्हणाल्या, "त्यांनी गणवेशाबद्दल एक पत्र लिहिलंय. बाकी काय विचारायचं ते मला विचारा."

"बरं, मग सांगा. हळद कुणी लावली?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दोन्ही हात पिठात होते. बोलायला तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण घरी काय होईल, सासूबाईंना कुठे नेतील, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि तोंड मिटलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. खोलीतल्या सगळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे सोडून. त्यावरून मला कळलं की त्यांना माहीत आहे.

"मी लावली," बाई म्हणाल्या.

पोस्टातला माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही? पाकिटात सांडेल असं काही घालू नका, हे तुम्हीच आम्हाला शिकवायचात."

"वय झालं माझं," बाई म्हणाल्या.

त्यांनी कागद घेतला, हवालदारानं सांगितलं तसं लिहून दिलं आणि खाली सही केली. माहीत आहे तेवढंच लिही म्हणणाऱ्या बाईंनी न केलेली गोष्ट आपल्या अक्षरात लिहून दिली. लिहून झाल्यावर तो कागद मात्र त्यांनी तोलला नाही.

गुन्हा वगैरे काही झाला नाही. पाकिटं पुढे गेली की नाही ते कधीच कळलं नाही. पण पुढच्या गुरुवारी कुणी आलं नाही. नफीसानं कमळबरोबर निरोप पाठवला, "बाईंना सलाम सांग. घरचे नको म्हणतात." खाडीकडच्या बायकांना त्यांच्या मुलांनी बजावलं. कमळ मासे द्यायला यायची, पण दारातूनच. "बाई, सूनबाय म्हनते पोलिसाच्या लफड्यात नको," असं तिनं एकदा सांगितलं आणि त्या दिवशी बोंबलाचा भाव न भांडता कमी केला. बाई म्हणाल्या, "असं करू नको. नेहमीचा भाव सांग." कमळ तिथेच पाटीवर डोकं टेकून बसली थोडा वेळ.

आमच्या घरीही कळलं. नवरा म्हणाला, "ज्या घरी पोलीस येतात तिथं तू जायाचं नाय." मी बाईंचं काम सोडलं. स्वतः सांगायला गेले नाही. कमळला सांगायला लावलं. बाईंनी तिला विचारलं म्हणे, "तिला वही पुरतेय का?" बाकी काही विचारलं नाही.

पण दुसरी दोन घरं होती, त्यातलं एक बाईंच्या बिल्डिंगीच्या अगदी समोर, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघितलं की बाईंचं फाटक आणि टपालाच्या पेट्या दिसायच्या. आता साडेबाराला मी त्याच खिडकीशी पोळ्या लाटत असायचे. रोज बाई बाहेर यायच्या. कमरेची किल्ली काढायच्या, पेटी उघडायच्या, मागेपर्यंत हात घालायच्या. हात रिकामा यायचा. पेटी बंद करून क्षणभर तिथेच उभ्या राहायच्या, जणू कुणी हाक मारील. मग आत. गुरुवारी त्यांच्या दाराशी एकही चप्पल नसायची. असं वर्षभर मी बघितलं. मी रोज त्यांच्या इतक्या जवळ असायचे, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. जाऊन सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज पोळ्या संपवून मी मागच्या गल्लीनं रिक्षा पकडायचे.

शेवटी मी पत्र लिहिलं. बाईंच्या नियमानं लिहिलं. आधी त्यांची आणि गुडघ्याची खुशाली विचारली. मग मी कोण ते सांगितलं, त्यांना माहीत होतं तरी. मग मला स्वतःला माहीत असलेली एक गोष्ट लिहिली: "पाकिटांना हळद मी लावली. पहिली दोनतीन सासूबाईंनी, बाकीची मी. तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. पण मी सांगितलं नव्हतं." शेवटी मागणं लिहायचं होतं. क्षमा मागावी असं वाटलं, पण बाईंना क्षमा वगैरे शब्द आवडले नसते. म्हणून लिहिलं, "उत्तर पाठवावे." पाकिटाच्या मागे माझा पत्ता पुरा घातला. त्यांना तोवर फक्त कोन गाव एवढंच ठाऊक होतं. कोपऱ्याला काही लावलं नाही.

सोमवारी टाकलं. बुधवारी साडेबाराला मी खिडकीशी होते. त्याच आठवड्यात नाशिकचा भाचा येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार आहे, हे मला माहीत नव्हतं. कमळनं नंतर सांगितलं. मला वाटत होतं, आता रोज दिसणारच आहेत.

बाई आल्या. जरा वाकून चालत होत्या. किल्ली लावली, हात आत घातला, आणि हात आतच राहिला. मग त्यांनी पाकीट बाहेर काढलं. आधी तळहातावर ठेवून तोललं. ओठ हलले. वीसच्या आतच म्हणाल्या असणार, एकच कागद होता. मग उलटं केलं आणि मागचा पत्ता बोट ठेवून वाचला, सावकाश, एकेक शब्द. पुरा झाल्यावर पहिल्यापासून परत वाचला. मान वर करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. वर बघितलं नाही. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी लाटणं धरून खिडकीपासून मागे सरले.

परत डोकावले तेव्हा त्या पेटीवर दोनदा थोपटत होत्या. मग पाकीट पदराखाली छातीशी धरून, नेहमीपेक्षा भरभर, आत गेल्या. एकतीस वर्षं पोस्टात काढलेली, कुलपाकिल्लीची इतकी पक्की बाई, पण पेटीचं दार उघडं होतं आणि किल्ली तिथेच लटकत होती.